उकव्याच्या विमानावरचा लाल ठिपका

१९ जानेवारी, रविवार

वीरेंद्रचा फोटो पेपरात आला आहे. तिसऱ्या पानावर, वरच्या बाजूला, गॉगल डोक्यावर चढवलेला. मंजूने चहाबरोबर पेपर समोर ठेवला तो नेमकं तेच पान वर करून. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला टाचणी कुठे टोचायची ते बरोबर ठाऊक असतं.

बातमी अशी: दुसऱ्या महायुद्धात आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या उकव्याच्या जंगलात इंग्रजांचं एक बॉम्बफेकी विमान पडलं होतं. ते कोणतं, कधी पडलं, त्यात कोण होतं, हे ऐंशी वर्षं कोणालाच ठाऊक नव्हतं. बालाघाटच्या "सुप्रसिद्ध छायाचित्रकार" वीरेंद्रजींनी एका जुन्या फोटोतल्या खुणांवरून ते ओळखून काढलं. विमानाच्या अंगावर E हे अक्षर आणि निळा-पांढरा गोल, गोलाच्या मधोमध लाल ठिपका. लंडनच्या कोणा अभ्यासकाने खुणा जुळवून सांगितलं, हे विमान १९४२ सालचं. आत पाच जण होते, सगळे मेले.

सुप्रसिद्ध! माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला माणूस. आम्ही दोघं एकाच डार्करूममध्ये वाढलो. आज त्याचं मेन रोडवर काचेचं दुकान आहे, लग्नात ड्रोन उडवतो. मी वडिलांच्या प्रेम स्टुडिओत झेरॉक्स काढतो आणि पासपोर्ट फोटोसाठी लोकांना हनुवटी वर करायला सांगतो.

"चांगलं झालं ना," मंजू म्हणाली, "आपल्याच मानसाचं नाव झालं."

"आपला मानूस कवापासून झाला तो?"

"बाबूजी तर त्याले पोरगाच मानत होते."

चहा तसाच ठेवून उठलो. हो, जळतो मी. स्वतःच्या डायरीत तरी खोटं कशाला लिहायचं?

२३ जानेवारी

न राहवून वीरेंद्रच्या दुकानात गेलो. "या या, प्रीतमभाऊ!" करत त्याने खुर्ची दिली आणि मोठ्या स्क्रीनवर फोटो लावला.

बघितल्याबरोबर ओळखला. दुलीचंदचा फोटो! दुलीचंद उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत होता. विमान पडलं तेव्हा साहेब लोकांना जंगलातली वाट त्यानेच दाखवली. साहेबांनी तिथेच त्याचा फोटो काढून त्याला एक छोटी प्रत दिली. त्यांनी काही नोंद केली असेल तर तिचा पुढे पत्ताच नाही. फोटोत तो ताठ उभा आहे. मागे बांबूत विमानाचा फक्त मधला भाग दिसतो: अंगावरचं फाटलेलं कापड, आतली जाळी, एक गोल, एक अक्षर. बाकी काही नाही. दुलीचंद १९७९ साली वारला तेव्हा घरच्यांनी ती छोटी प्रत आमच्याकडे आणली, मोठी करून रंगवायला. तेव्हाची रीत तशी होती. माणूस गेला की फोटो स्टुडिओत यायचा, आम्ही त्याला कोट चढवायचो, गाल गुलाबी करायचो आणि तो भिंतीवर जायचा. मूळ प्रत पुढे वाळवीने खाल्ली. उरला तो भिंतीवरचा रंगीत फोटो. मागच्या वर्षी वीरेंद्र त्यांच्याकडे नामकरणाचे फोटो काढायला गेला आणि त्याला तो दिसला. बस, एवढाच याचा पराक्रम. बोलाफुलाला गाठ पडली आणि हा झाला संशोधक.

"हा लालच सगळ्याची चाबी आहे, भाऊ," वीरेंद्र स्क्रीनवर बोट ठेवून सांगायला लागला. "जपानी विमानावर लाल गोल राहे. म्हून इंग्रजांनी इकडच्या विमानावरून लाल काढून टाकला, नाई तर आपलेच लोक आपल्यावर गोळ्या चालवत. इथं लाल आहे, म्हंजे हे त्याच्या आधीचं. बियालीसचं."

मी मान डोलावली, पण माझे कान गरम झाले होते. कारण तो लाल रंग विमानाचा नाही, माझा आहे.

घरी येऊन सगळं आठवलं. मी अठरा वर्षांचा होतो. बाबूजींनी पहिल्यांदाच अख्खा फोटो माझ्या हातात दिला होता. आमच्या स्टुडिओचा नियम असा की गेलेल्या माणसाच्या कपाळाला शेवटी लाल टिळा द्यायचा. मी दुलीचंदला टिळा दिला. ब्रशवर रंग उरला होता आणि मागचा तो गोल मधे रिकामा, कोऱ्या कपाळासारखा दिसत होता, म्हणून तिथेही एक ठिपका दिला. अक्षराच्या खालची रेघ पुसट वाटली, तीही ओढून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुलीचंदची बायको रुख्माबाई फोटो घेऊन परत आली. दारातूनच म्हणाली, "आमी बुद्धाचे लोकं आहो. माह्या मानसानं जनमभर टिळा नाई लावला, तुमी मेल्यावर लावला काय?" बाबूजींनी तिच्यासमोर हात जोडले आणि गिऱ्हाइकांसमोर मला एक ठेवून दिली. मग ब्रश माझ्या हातातून काढून वीरेंद्रला दिला. त्याने अंगाच्या रंगाने टिळा असा झाकला की शोधूनही सापडू नये. त्या दिवसापासून ब्रश त्याच्याकडेच राहिला.

विमानावरच्या ठिपक्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. विमानाला जात नसते.

२ फेब्रुवारी, रविवार

सापडलं.

बाबूजी रंग देण्याआधी मूळ फोटोची कॉपी निगेटिव्ह काढून ठेवत, गिऱ्हाइकाच्या नावाने, पाकिटात. माळ्यावर बिस्किटांचे अकरा पत्र्याचे डबे आहेत. आठव्या डब्यात "दुलीचंद, उकवा" लिहिलेलं पाकीट होतं. निगेटिव्ह खिडकीशी धरलं, मग मोबाइलने फोटो घेऊन रंग उलटे केले. गोलात ठिपका नाही, अगदी कोरा. आणि अक्षर E नाही, F आहे. मी जी खालची रेघ समजलो होतो ती पडलेली बांबूची काडी आहे.

म्हणजे वीरेंद्रचं विमान चुकीचं, साल चुकीचं, माणसंही चुकीची.

कित्येक वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. मंजूने विचारलं, "माळ्यावर काय करून राह्यले?" म्हटलं, उंदीर पाहतो आहे.

उकव्याच्या पंचायतीने २३ मार्चला, शहीद दिवसाला, दगड बसवायचं ठरवलं आहे. दगडावर पाच नावं आणि खाली "शोधकर्ता" म्हणून वीरेंद्रचं. तोपर्यंत मी गप्प बसणार. चढू दे त्याला मंचावर. मग हे पाकीट काढतो.

९ फेब्रुवारी

संघमित्रा आली होती. दुलीचंदची नात, इथल्या कॉलेजात शिकवते. लंडनशी सगळी पत्रं इंग्रजीत तीच लिहिते, वीरेंद्र नुसता मागे उभा राहतो. पोरगी हुशार आहे आणि तिच्या मनात शंका आहे.

"काका, आजोबांच्या फोटोचं निगेटिव्ह तुमच्याकडं असंल का? प्रेमलाल बाबूजी सगळं जपून ठेवत म्हणे."

"काहून? विमान तर सापडलं ना?"

"सापडलं, पन माझं मन नाही मानत. रंग तर नंतर दिलाय ना. लंडनवाले सर म्हणतात, इकडं दोन विमानं लापता आहेत. एक E, बियालीसचं. दुसरं F, चव्वेचाळीसचं. E वाल्यांचा एक नातू आहे, त्याला उत्साह आहे, बस. पन F मधल्या एका गनरची सख्खी बहीण जिवंत आहे, कॅनडात. पंच्याण्णव वर्षांची. तिचा मुलगा दर आठवड्याला मेल करतो, पक्कं झालं का म्हणून."

मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. म्हटलं, "वाळवी लागली, बेटा. सगळे डबे गेले."

माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. ती "ठीक आहे काका" म्हणाली आणि जाताना पाया पडली.

ऐंशी वर्षं वाट बघितली त्या बाईने. अजून दीड महिना, त्यात काय मोठं? शिवाय मी तिचं भलंच करणार आहे. वीरेंद्रच्या भरवशावर राहिली असती तर तिला कधीच कळलं नसतं.

१३ फेब्रुवारी

स्थानिक चॅनेलवर वीरेंद्रची मुलाखत झाली. "मला लहानपणापासून इतिहासात रुची" असं म्हणाला. हा मॅट्रिकला इतिहासातच नापास झाला होता, मी साक्षीदार आहे.

पाकीट आता माळ्यावर नाही, कपाटात माझ्या सदऱ्यांखाली ठेवलं आहे. दिवसातून एकदा तरी हात लावून बघतो.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. देवळाजवळ संघमित्राचे वडील राजेंद्र भेटले. आपल्या एका मित्राला सोबत म्हणून आले होते, बाहेरच उभे होते. म्हणाले, "त्या कॅनडावाल्या बुढीची तबेत खराब आहे म्हंते संघमित्रा. पोरगं फोनवर रडून राह्यलं होतं." मी म्हटलं, म्हातारपण आहे, चालायचंच.

उपास आज काही अंगी लागला नाही. साबुदाणा कच्चा राहिला होता बहुतेक.

१ मार्च

सकाळी पाकीट खिशात घालून संघमित्राकडे निघालो होतो. खरंच निघालो होतो. वाटेत वीरेंद्रच्या दुकानावर नवा बोर्ड दिसला: त्याचा फोटो, मागे विमान, खाली "इतिहास के प्रहरी". तिथूनच परत फिरलो.

१४ मार्च, धुळवड

वीरेंद्र गुलाल घेऊन घरी आला. मंजूच्या पाया पडला, माझ्या गालाला रंग लावला, तीन गुझिया खाल्ल्या आणि पत्रिका दिली.

"भाऊ, तुमाले मंचावर बसा लागते. आन एक सांगू? दगडावर बाबूजीचंही नाव टाकलं. छाया-रंग: प्रेमलाल."

"बाबूजीचं काहून?"

"तं कोनाचं टाकू? लंडनवाला मले सारखा विचारे, रंगावर भरोसा कसा ठेवायचा? मी म्हटलं, साहेब, तो आमच्या बाबूजीचा हात आहे. जे हाये तेच रंगवत. लाल देल्ला म्हंजे लाल होता. मी तं फक्त टिळा पुसला होता त्याच्यावरचा."

म्हणजे सगळी इमारत एवढ्यावर उभी आहे! बाबूजींच्या हातावर. आणि तो हात माझा होता, हे या माणसाच्या डोक्यातही आलं नाही. टिळा पुसल्याचं आठवतं, पण टिळा कोणी लावला, मार कोणी खाल्ला, ते आठवत नाही. माझी चूकसुद्धा माझ्या नावावर राहू दिली नाही यांनी.

तो गेल्यावर मंजूने गालावरचा गुलाल पुसत विचारलं, "तुमाले काय झालं हो? दोन महिने झाले, नीट जेवत नाई, नीट बोलत नाई."

"काई नाई."

"वीरेंद्रचं नाव झालं म्हून एवढं?"

टॉवेल घेऊन अंघोळीला गेलो. चोराच्या मनात चांदणं.

२३ मार्च, रविवार

उकव्याहून आत्ताच आलो. आजचं आजच लिहिलं पाहिजे.

बैहरच्या बसने घाट चढून दहाला पोहोचलो. शाळेच्या मैदानात मांडव, पंचायतीचे लोक, खाणीतले लोक, शाळेची मुलं, पत्रकार. दगडावर पांढरा कपडा झाकलेला. वीरेंद्रला फेटा बांधला होता. त्याच्या भाषणात तीनदा बाबूजींचं नाव आलं, माझं एकदाही नाही. मग सरपंच कपडा ओढायला उठले आणि मी उभा राहिलो.

"थांबा. हे विमान ते नाही."

सगळे माझ्याकडे वळले. मी पाकीट काढलं. सांगितलं की अक्षर F आहे, गोल कोरा आहे, लाल ठिपका १९७९ साली स्टुडिओत मी, प्रीतमने, माझ्या हाताने दिला. पत्रकाराने विचारलं, हे निगेटिव्ह कधी सापडलं? मी म्हटलं, "परवा."

आता वीरेंद्रचं तोंड बघायचं होतं मला. दीड महिना पाकीट त्याच एका क्षणासाठी जपलं होतं. तो भांडेल, घाम पुसेल, नाही नाही म्हणेल असं वाटलं होतं. त्याने निगेटिव्ह माझ्या हातातून घेतलं, कडा धरून, बाबूजींनी शिकवलं तसं, आणि उन्हाकडे धरून बराच वेळ बघितलं. मग माईककडे गेला.

"प्रीतमभाऊ बराबर बोलून राह्यले. चूक माही आहे. दुकानात येऊन एकडाव तरी त्याईले विचाराले पाह्यजे होतं मले."

फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि मुलांच्या ओळीत मागे जाऊन बसला. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या माझ्यासाठी की त्याच्यासाठी ते कळलं नाही. दगडावरचा कपडा कोणी काढला नाही.

संघमित्राने तिथेच निगेटिव्हचा फोटो काढून लंडनला आणि कॅनडाला पाठवला. "काका," ती म्हणाली, "तुम्ही तं म्हटलं होतं वाळवीने खाल्लं."

"एक डबा राहून गेला होता."

२५ मार्च

पेपरात आज माझा फोटो आला. "बालाघाट के प्रीतम जी ने सुलझाई गुत्थी." म्हणजे कोडं मी सोडवलं. नाक जरा मोठं आलं आहे, पण नाव ठळक आहे. दुकानात अकरा जण अभिनंदन करून गेले. E वाल्या नातवाला वीरेंद्रने स्वतः माफीचं पत्र पाठवलं म्हणे. बोर्डही उतरवला.

मंजूने पेपर समोर ठेवला नाही. मीच शोधला, तर कणिक मळायच्या परातीखाली होता.

२८ मार्च

संघमित्राचा फोन आला, "काका, कॅनडाहून मेल आली, वीरेंद्रकाकांच्या दुकानात या, तिथं वाचून दाखवते." गेलो. वीरेंद्र कोपऱ्यात कोणाचातरी अल्बम लावत बसला होता, नुसती मान हलवली.

तिने इंग्रजीतून वाचलं आणि मराठीत सांगितलं. लंडनने F नक्की केलं. बहिणीच्या मुलाने लिहिलं आहे की त्याच्या मामाचं नाव हॅरल्ड, वय एकवीस. तो जाताना आई चौदा वर्षांची होती. सरकारी कागदावर फक्त "बेपत्ता" लिहून आलं, म्हणून तिने कधी त्याच्यासाठी प्रार्थना केली नाही. प्रार्थना केली म्हणजे तो मेला असं मान्य केल्यासारखं होईल, असं ती म्हणायची. आजारपणात रोज विचारायची, हिंदुस्थानातून काही आलं का?

ती सहा मार्चला गेली.

पुढे त्याने लिहिलं आहे, सतरा दिवस उशीर झाला, पण त्यात कोणाचा दोष नाही. ज्या सज्जनाला निगेटिव्ह सापडलं त्यांनी दोन दिवसांत सगळ्यांसमोर ठेवलं, आमचं घराणं त्यांचं ऋणी आहे. रविवारी आईसाठी प्रार्थनासभा आहे. तिथे त्या सज्जनांचं नाव घेऊन वाचायचं आहे. ते निगेटिव्ह कुठे, कसं आणि नेमकं कोणत्या तारखेला सापडलं, एवढं कृपया कळवावं.

"सांगा काका, मी लिहिते," संघमित्रा म्हणाली.

मी म्हटलं, डोकं दुखतं आहे, उद्या सांगतो. घरी आलो. जेवलो नाही. मी खुनी नाही, हे मला ठाऊक आहे. पंच्याण्णव वर्षांची बाई होती, ती जाणारच होती. पण ती विचारत विचारत गेली, आणि त्या वेळी उत्तर माझ्या सदऱ्यांखाली पडलं होतं. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

मंजूला सगळं सांगितलं. तिने माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "मले सांगून काय होते? ज्यानं विचारलं त्याले सांगा."

२९ मार्च

सकाळी दुकान न उघडताच वीरेंद्रकडे गेलो. संघमित्रा कॉम्प्युटरवर होती, वीरेंद्र तिच्या शेजारच्या स्टुलावर. त्याला बाहेर जायला सांगावं असं वाटलं होतं, पण सांगितलं नाही.

"लिही," मी म्हटलं. "निगेटिव्ह बालाघाटला प्रेम स्टुडिओच्या माळ्यावर सापडलं. दोन फेब्रुवारीला."

तिची बोटं थांबली. "मार्चच्या एकवीसला ना, काका?"

"दोन फेब्रुवारी. तू नऊ तारखेला आली तेव्हा ते माह्या कपाटात होतं."

बाहेर एक जीप हॉर्न वाजवत गेली. संघमित्राने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "मग दिलं काहून नाही?"

वीरेंद्र दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसला होता. मी त्याच्याकडे न बघता सांगितलं, "याचा फोटो पेपरात आला म्हून."

वीरेंद्र खाली फरशीकडे बघत राहिला. संघमित्राने डोळे पुसले आणि मी बोललो ते तसंच इंग्रजीत लिहिलं.